आटेबंधक द्रव (जुन्या मोटारसायकलींतील वापर)

आटेबंधक द्रव : बोल्ट, नट, स्क्रू, स्टड इ. आटे पाडलेल्या भागांची जोडणी कंपनाने सैल होऊ नये म्हणून आट्यांमधील फटीत सोडण्यात येणारा व तेथे हवेच्या अभावी घट्ट होणारा कृत्रिम द्रव पदार्थ. कारखान्यांत त्यास ‘थ्रेड लॉकर’ म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानांत मात्र तो बहुधा ‘लॉकटाइट’ या व्यापारी नावानेच मागितला जातो, मग बाटली कोणत्याही उत्पादकाची असो. नव्या यंत्रांच्या जुळणीत त्याचा वापर सर्रास होतो. जुन्या मोटारसायकलींच्या बाबतीत मात्र तो अधिक विचाराने करावा लागतो, कारण तेथे दोन परस्परविरोधी गोष्टी साधावयाच्या असतात : बोल्ट रस्त्यात गळून पडता कामा नये आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तो आटे न बिघडवता सुटलाही पाहिजे. सुटा भाग बाजारात मिळत असेल, तर दुसऱ्या अटीकडे थोडेफार दुर्लक्ष चालते. उत्पादन बंद झालेल्या यंत्राच्या क्रँककेसचे आटे एकदा उपटले गेले की नुकसान सहज भरून येत नाही. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगराळ भागांच्या घाटरस्त्यांवर या दोन्ही अटींची कसोटी लागते; म्हणून पुढील विवेचनात तेथील उदाहरणे घेतली आहेत.

जोडणी सैल का होते : बोल्ट आवळला म्हणजे तो किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगेप्रमाणे जोडलेले भाग एकमेकांवर दाबून धरतो. हा पूर्वताण हेच जोडणीचे खरे बळ होय. पान्याने दिलेल्या पिळापैकी सु. ५०% पीळ बोल्टच्या डोक्याखालील व सु. ४०% आट्यांमधील घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष ताण निर्माण करण्यास जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आट्याचा उतार बोल्टला सतत सुटण्याच्या दिशेने ढकलत असतो व त्याला केवळ घर्षण अडवून धरते. जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, बोल्टच्या अक्षाच्या दिशेने होणाऱ्या कंपनापेक्षा अक्षाला आडव्या दिशेने होणारी हालचाल अधिक घातक असते. जोडलेले भाग आडवे सरकू लागले म्हणजे घर्षण क्षणमात्र नाहीसे झाल्यासारखे होते आणि दर हेलकाव्यास बोल्ट थोडाथोडा उलटा फिरतो. नेहमीची स्प्रिंग वॉशर अशा हालचालीपुढे जवळजवळ निरुपयोगी ठरते. ती घातली की बोल्ट पक्का झाला, हा समज दुरुस्तीच्या व्यवसायात अद्यापही टिकून आहे. आटेबंधक द्रव आट्यांमधील मोकळी जागा भरून काढतो व ही सूक्ष्म घसरण होऊच देत नाही.

एका सिलिंडराच्या एंजिनात अशा हालचालीला कारण मुबलक असते. एनफील्ड बुलेटच्या जुन्या ३४६ घ. सेंमी. एंजिनात सिलिंडराचा व्यास ७० मिमी. व दट्ट्याची धाव ९० मिमी. आहे. मिनिटास ४,००० फेऱ्यांच्या गतीस दट्ट्या सेकंदास सु. ६७ वेळा वरखाली होतो आणि धावेच्या टोकाशी त्याचा प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या शेकडो पट होतो. भुजादंडावरील प्रतिभारांनी यातून निर्माण होणारी प्रेरणा नाहीशी होत नाही. तिचा काही भाग उभ्याऐवजी आडव्या दिशेला वळविला जातो एवढेच. ही प्रेरणा एंजिन ज्या पट्ट्यांवर बसविलेले असते त्यांचे बोल्ट, चिखलरोधकाचे आधार, सायलेन्सरची पकड, मागील सामानपट्टी अशा सर्व ठिकाणी पोहोचते.

इतिहास : हवेच्या संपर्कात द्रव राहणाऱ्या व हवा तुटताच घट्ट होणाऱ्या पदार्थाचा शोध अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला होता, परंतु तो साठविताना त्यातून सतत हवा खेळती ठेवावी लागे. त्यामुळे व्यवहारात त्याचा उपयोग होईना. हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये साध्या बाटलीत टिकणारे मिश्रण तयार केले. १९५६ मध्ये ते लॉकटाइट या नावाने लोकांपुढे आले. ही कंपनी १९९७ मध्ये जर्मनीतील हेंकेल या उद्योगसमूहाने घेतली. त्याआधी हेच काम सफेता, शेलॅक, रंगाचा ठिपका, दुहेरी नट, स्प्लिट पिन, दुमडावयाच्या पाळीची चकती, तारेचा वेढा यांवर अथवा बोल्टच्या टोकावर सेंटर पंचाचा ठोसा मारून भागविले जाई. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. १९५५ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या एनफील्ड इंडिया कंपनीची बुलेट किंवा म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून बनविलेली जावा ही यंत्रे आटेबंधक द्रव गृहीत धरून आखलेली नाहीत. त्यांच्या आराखड्यात जेथे सुटणे धोक्याचे तेथे यांत्रिक अटकाव दिलेलाच आहे. द्रव हा त्या अटकावाच्या जोडीला आलेला आहे, त्याच्या जागी नव्हे.

रासायनिक क्रिया : या द्रवात मुख्यत्वे मेथाक्रिलेट वर्गातील एकवारिके व थोड्या प्रमाणात कार्बनी पेरॉक्साइड असते. लोखंड किंवा तांबे यांच्या आयनांच्या सान्निध्यात पेरॉक्साइडाचे विघटन होऊन मुक्त मूलके निर्माण होतात व ती एकवारिकांच्या साखळ्या जोडू लागतात. ऑक्सिजन असेपर्यंत तो ही मूलके निकामी करतो, म्हणून क्रिया पुढे सरकत नाही. नट चढविल्यावर आट्यांतील फटीत हवा उरत नाही आणि धातूही चोहोबाजूंनी असतो. तेव्हा द्रवाचे कठीण, जाळीदार बहुवारिकात रूपांतर होते [⟶ बहुवारिकीकरण]. याच कारणाने नव्या बाटलीतही बरीच जागा रिकामी ठेवलेली असते आणि बाटली हवा आत झिरपू देणाऱ्या पॉलिएथिलिनाची असते. ग्राहकाला ती फसवणूक वाटते. वस्तुतः काठोकाठ भरलेली बाटली आपोआप घट्ट होऊन बसेल. बाटलीचे तोंड धातूला टेकविणे किंवा सांडलेला द्रव परत बाटलीत ओतणे हेही याच कारणासाठी टाळतात, कारण धातूचे कण आत गेल्यास उरलेला साठा बिघडतो.

या क्रियेत धातूचा वाटा महत्त्वाचा आहे. साधे पोलाद, बीड, पितळ व कासे यांवर द्रव लवकर घट्ट होतो. जस्त, कॅडमियम व क्रोमियम यांचा मुलामा, अगंज पोलाद आणि ॲनोडीकरण केलेले ॲल्युमिनियम यांवर तो फार मंद गतीने किंवा अपुरा घट्ट होतो. जुन्या मोटारसायकलींवर मुलामा दिलेले बोल्ट पुष्कळ असतात, तर हौशी मालक गंज टळावा म्हणून मूळ बोल्टांऐवजी अगंज पोलादाचे बोल्ट बसवितात. अशा ठिकाणी तांब्याचे लवण असलेले प्रवर्तक आधी लावावे लागते. अन्यथा द्रव ओलाच राहतो आणि वंगणासारखा वागून बोल्ट सुटण्यास उलट मदत करतो.

प्रकार व निवड : उत्पादक रंगांवरून प्रकार ओळखण्याची सोय करतात, तथापि रंगांचा संकेत सर्व कंपन्यांचा सारखा असेलच असे नाही, बाटलीवरील वर्णन वाचणे इष्ट. सामान्यतः जांभळा द्रव कमी बळाचा असून ६ मिमी.पेक्षा लहान स्क्रूंसाठी असतो. निळा मध्यम बळाचा असून हातातल्या साध्या पान्याने सुटतो. लाल द्रव अधिक बळाचा असतो व तो लावलेला बोल्ट सु. २५०° से.पर्यंत तापविल्याशिवाय सहसा सुटत नाही. आधीच आवळलेल्या आट्यांत झिरपणारा पातळ हिरवा द्रवही मिळतो. सर्वसाधारण प्रकारांची उष्णता सोसण्याची मर्यादा सु. १५०° से. आहे.

जुन्या यंत्रासाठी निवड करताना बोल्टवर किती बळ येते एवढेच पाहून भागत नाही. तो पुढे सोडविताना सर्वांत आधी काय तुटेल, हे पाहावे लागते. ॲल्युमिनियमाच्या क्रँककेसमध्ये बसणारा ६ मिमी.चा पोलादी स्क्रू लाल द्रवाने बसविला, तर सोडविताना स्क्रूची खाच झिजते, डोके तुटते किंवा ॲल्युमिनियमाचे आटे स्क्रूबरोबर बाहेर येतात. तापवावे तर जवळचे तेलरोधी रबर, रंग व बेअरिंगची पकड धोक्यात येते, शिवाय वर पेट्रोलची टाकी असतेच. म्हणून काम भागेल असा सर्वांत दुबळा प्रकार निवडणे हा येथील योग्य नियम होय. क्रँककेसमध्ये कायम राहावयाचे स्टड सोडल्यास लाल द्रवाची गरज अशा मोटारसायकलीवर क्वचितच पडते आणि तेथेही बरेचसे कारागीर मध्यम बळाचाच वापरतात.

आट्यांची मिश्र जाती : १८४१ मध्ये सुचविलेला व्हिटवर्थ आटा ५५° कोनाचा आहे, ब्रिटिश सायकल उद्योगाचा आटा ६०° कोनाचा असून त्यात बहुतेक मापांना इंचास २६ आटे असतात. जुन्या बुलेटमध्ये या दोन्ही जातींचे व ब्रिटिश सूक्ष्म जातीचेही बोल्ट आढळतात. जावा व येझ्दी यांचे आटे मेट्रिक आहेत. घोटाळा होतो तो मापे जवळजवळ सारखी असल्यामुळे. पाच-सोळांश इंची बोल्टचा व्यास ७·९४ मिमी. असतो, म्हणजे ८ मिमी.च्या मेट्रिक बोल्टपासून तो डोळ्यांनी वेगळा ओळखता येत नाही. परंतु लागोपाठच्या दोन आट्यांमधील अंतर व्हिटवर्थमध्ये १·४१ मिमी., ब्रिटिश सूक्ष्म जातीत १·१५ मिमी., सायकल जातीत ०·९८ मिमी. आणि ८ मिमी.च्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टमध्ये १·२५ मिमी. असते. हाताशी असलेला मेट्रिक बोल्ट दोन-तीन आटे जातो, मग पान्याने रेटला जातो आणि तो डगमगू लागला की आटेबंधक द्रवाने ‘पक्का’ केला जातो. अशी जोडणी काही दिवस टिकते व मग आट्यांसह निखळते. आटेबंधक द्रव झिजलेल्या किंवा चुकीच्या आट्यांची दुरुस्ती करीत नाही. आटे मोजण्याच्या पट्टीने जात ओळखणे आणि आटे गेलेले असल्यास छिद्र वाढवून तारेच्या वेटोळ्याचा नवा आटा बसविणे, हाच उपाय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. त्यामुळे मूळ जातीचे बोल्ट जपण्याला आता हौसेपलीकडचे कारण मिळाले आहे.

घाटरस्त्यांवरील वापर : पुणे–सातारा महामार्गावरून कापूरहोळ येथे भोरकडे व नसरापूर येथे वेल्ह्याकडे रस्ता फुटतो. भोरच्या पश्चिमेस नीरा-देवघर जलाशयाच्या कडेने जाणारा रस्ता वरंधा घाटातून महाडला उतरतो. वेल्ह्याहून केळदमार्गे मढे घाटाच्या माथ्यापर्यंत जाता येते, तर पाबे घाट वेल्ह्याला खडकवासला–पानशेतच्या बाजूशी जोडतो. राजगड व तोरणा हे किल्ले याच मुलखात असल्याने जुन्या मोटारसायकलींवरून येणाऱ्यांची संख्याही येथे मोठी असते. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या या पट्ट्यात पाऊस अतिशय असतो व पावसाळ्यात रस्त्यांची खडी उघडी पडते. वरंधा घाट तर दरडींमुळे अनेकदा वाहतुकीस बंद ठेवावा लागतो.

अशा रस्त्याचे यंत्रावर तीन परिणाम होतात. चढावर खालच्या गियरमध्ये एंजिन दीर्घकाळ वेगाने फिरते, पण गाडीचा वेग कमी असल्याने त्यास वारा मिळत नाही. कंपन व उष्णता दोन्ही वाढतात. खड्ड्यांच्या धक्क्यांनी बोल्टांवर आडवे हेलकावे बसतात. तिसरा परिणाम पाण्याचा. पोलादी बोल्ट व ॲल्युमिनियमाचे आवरण यांच्यामध्ये पाणी शिरले की विद्युत् रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी साचते व बोल्ट जागीच धरतो. येथे आटेबंधक द्रवाचा एक दुर्लक्षित उपयोग आहे : घट्ट झालेला द्रव आट्यांतील फट बंद करून पाण्याला मज्जाव करतो. ॲल्युमिनियमात बसणाऱ्या लहान स्क्रूंना कमी बळाचा द्रव लावणे पावसाळी भागात या एका कारणासाठीही सार्थ ठरते.

चिखलरोधकाचे आधार, क्रमांकपट्टी, सामानपट्टी, साखळीचे आवरण, पायपट्टी, दिव्याची पकड व एंजिन ज्या पट्ट्यांवर बसते त्यांचे बोल्ट यांना मध्यम बळाचा द्रव उपयुक्त ठरतो. यांपैकी साखळीच्या आवरणाचा बोल्ट क्षुल्लक वाटतो, परंतु तो गळून आवरण साखळीत अडकल्यास मागील चाक जागीच थांबू शकते. गियरपेटीच्या बाहेरील साखळीचक्राच्या नटाला पाळीची चकती असते. तिची पाळी नव्याने दुमडून शिवाय मध्यम द्रव लावावा.

ब्रेकची गोष्ट वेगळी. ड्रम ब्रेक लावला की ब्रेकची तबकडी चाकाबरोबर फिरू पाहते व तिला एक बाहू चौकटीशी अडवून धरतो. वरंधा घाटासारख्या लांब उतारावर या बाहूच्या बोल्टवर पुनःपुन्हा झटके बसतात. तो निसटल्यास तबकडी फिरते, ब्रेकची दांडी किंवा तार ओढली जाते आणि चाक अकस्मात आवळून धरले जाते. दरीच्या कडेने जाणाऱ्या वळणावर याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. या बोल्टला तसेच चाकाच्या आसाला खाचेचा नट व नवी स्प्लिट पिन हाच मुख्य अटकाव असावा. नव्या द्रवाच्या भरवशावर पिन वगळणे अक्षम्य होय.

काही जागी हा द्रव मुळीच लावू नये. सिलिंडर डोक्याचे नट तापून थंड झाल्यावर पुन्हा आवळावे लागतात. द्रव लावल्यास ते जमत नाही. जावा व येझ्दीमध्ये धूरनळी सिलिंडराला आट्याच्या कड्याने जोडलेली असते व हे कडे वारंवार सैल होते. तेथे द्रव लावण्याचा मोह होतो, परंतु धुराच्या तापमानाला तो काही मिनिटांतच जळून जातो. नवी गॅस्केट बसविणे, आट्यांना तांबेयुक्त उष्णतारोधी वंगण लावणे आणि एंजिन गरम असताना आकडी पान्याने कडे पुन्हा आवळणे, हा तेथील उपाय. झडपांचे अंतर जुळविण्याचे नट, कार्ब्युरेटरचे समायोजक स्क्रू व प्लॅस्टिकचे भाग हेही वर्ज्य समजावेत. काही प्लॅस्टिकांना या द्रवाने तडे जातात. दिव्याची काच प्लॅस्टिकची असल्यास विशेष जपावे.

लावण्याची रीत : जुने आटे तारेच्या कुंचल्याने घासून तेलकटपणा पूर्ण काढतात. रॉकेल किंवा डिझेलने धुण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत येथे अपुरी पडते, कारण दोन्ही तेलाचा पातळ थर मागे ठेवतात. शेवटी ॲसिटोनने पुसून सुकू द्यावे. आरपार छिद्रात बोल्टच्या ज्या आट्यांवर नट बसणार तेथे एक-दोन थेंब पुरतात. बंद छिद्रात मात्र थेंब तळाशी टाकतात. बोल्टला लावल्यास आत कोंडलेली हवा द्रवाला बाहेर ढकलते. ओला द्रव आट्यांना वंगणासारखा असतो, त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला पीळ तसाच दिल्यास ताण अपेक्षेपेक्षा जास्त होतो. ॲल्युमिनियमातील बारीक स्क्रूंच्या बाबतीत हे लक्षात ठेवून पीळ थोडा कमी द्यावा. आवळल्यानंतर बोल्ट पुन्हा मागेपुढे फिरवू नये. अर्धवट घट्ट झालेला थर मोडतो व परत जुळत नाही.

साधारण खोलीच्या तापमानाला १० ते २० मिनिटांत पकड येऊ लागते, तथापि पूर्ण बळ येण्यास २४ तास लागतात. थंडीच्या दिवसांत डोंगरी भागात हा वेळ वाढतो. सकाळी द्रव लावून दुपारी घाट चढणे म्हणजे द्रव न लावण्यासारखेच आहे. द्रव कातडीला लागत राहिल्यास काहींना खाज व पुरळ उठते, म्हणून हातमोजे वापरतात. बाटली उन्हापासून दूर, थंड जागी ठेवतात.

सोडविणे : कमी व मध्यम बळाच्या जोडण्या साध्या पान्याने सुटतात. आधीच्या कारागिराने कोणता द्रव वापरला हे ठाऊक नसल्यास बोल्टवर जोर करू नये. सुटताना तो रबरासारखा ताणल्यागत वाटला किंवा पाना घसरू लागला, तर टाकी व कार्ब्युरेटर काढून बाजूला ठेवावेत आणि मोठ्या डाखणीच्या खारेने बोल्टचे डोकेच तेवढे तापवावे. गॅसच्या उघड्या ज्योतीपेक्षा ही रीत सुरक्षित आहे व सभोवतालचे आवरणही फारसे तापत नाही. बोल्ट गरम असतानाच एका दमात फिरवितात. थंड झाल्यास द्रवाला पुन्हा बळ येते. निघालेल्या आट्यांतील पांढरी भुकटी पूर्ण साफ करून दर जुळणीस नवा थेंब लावावा लागतो, कारण एकदा मोडलेला थर पुन्हा पकड घेत नाही. घाटात, रस्त्याच्या कडेला बोल्ट काढण्याची वेळ आल्यास खार किंवा वीज हाताशी नसते. त्यामुळे तारा, ठिणगीची प्लग व मागील चाक काढण्यासाठी जे बोल्ट सोडवावे लागतात त्यांना निघण्यापूर्वी लाल द्रव लावलेला नाही, याची खात्री करून घेतात [⟶ मोटारसायकल].